छतावरचा बाण

नव्या खोलीत शिरल्यावर मी आधी बाथरूम बघते. नवरा एसीचं बटण शोधतो. आमची बारा वर्षांची लेक थेट पलंगावर आडवी होते. क्वालालंपूरच्या त्या हॉटेलातही ती तशीच आडवी झाली आणि ओरडली, "अम्मी, उप्पर देख!"

वर छताला एक हिरवा बाण चिकटवला होता. स्टिकरच, एका कोपऱ्याला सुटत आलेला. बाणात काबागृहाचं लहानसं चित्र आणि त्याखाली एकच शब्द, ‘किब्लत’. आम्ही तिघंही पलंगावर उताणे पडून त्या बाणाकडे बघत राहिलो. प्रवासाने अंग आंबलं होतं, खोलीला खिडकी नव्हती, एसीतून थेंब गळत होते. पण त्या बाणाकडे बघताना मला जे वाटलं, ते आजवर कुठल्याही हॉटेलात वाटलं नव्हतं. आपण येणार हे या खोलीला आधीच ठाऊक होतं, असं काहीसं.

मलेशियात यात नवल काही नाही. साध्या हॉटेलापासून मोठ्या हॉटेलापर्यंत हा बाण असतो. कुठे छताला, कुठे टेबलाच्या खणात. काही ठिकाणी जानमाजही ठेवलेला असतो, त्याला ते ‘सजादाह’ म्हणतात. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या प्रवासात नवरा मोबाइलवर होकायंत्र उघडतो, पश्चिम शोधतो, मग दाराला कडी, मग पडदा, मग नमाज.

कडी आणि पडदा यांची गोष्ट आधी सांगते, म्हणजे बाणाची गोष्ट कळेल.

नवऱ्याचं एक वाक्य आहे. प्रवासात ते पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. "कुणी काही म्हणत नाही. पण कशाला?" या सहलीला आम्ही सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला निघालो. २०२५ चा मे महिना संपत आला होता. एप्रिलच्या बावीस तारखेला पहलगाम झालं होतं आणि त्यानंतर सीमेवरची लढाईही होऊन गेली होती. गाडी सुटायच्या आधी लेकीने माझ्या अम्मीला फोन लावला आणि मोठ्याने सलाम केला. नवऱ्याने हाताने आवाज खाली करायची खूण केली. डब्यात कोण काय म्हणालं? कुणीच काही नाही. समोरच्या आजींनी उलट लेकीला भाकरी आणि शेंगाची चटणी दिली, वर दोन शाळेच्या चौकशा केल्या. तरीही तो हात खाली आलाच.

त्या हाताला कारण आहे. काही वर्षांपूर्वी नवऱ्याच्या तपासण्यांसाठी आपल्याच राज्यातल्या एका मोठ्या शहरात जावं लागलं होतं. लॉज ऑनलाइन बुक केलेलं, पैसे भरलेले. काउंटरवरच्या मुलाने आधार कार्ड हातात घेतलं, नावावर नजर थांबली, तो आत गेला, परत आला आणि म्हणाला, "सिस्टिममध्ये प्रॉब्लेम आहे, रूम शिल्लक नाही." आमच्या मागे उभ्या असलेल्या जोडप्याला त्याच सिस्टिममधून किल्ली मिळाली. ती रात्र आम्ही दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बाकड्यावर काढली. पैसे चार दिवसांनी परत आले. तेव्हापासून कुठल्याही काउंटरवर कागद पुढे केले, की मी कागदाकडे नाही, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघते. नजर नावावर किती वेळ थांबते ते मोजते. वाईट सवय आहे, पण आहे.

तर क्वालालंपूर. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत तिथे व्हिसा लागत नाही. आम्ही दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. निघण्याआधी तीन दिवसांत एक ऑनलाइन फॉर्म भरायचा, बस. मुंबईहून साधारण पाच तासांचं विमान, विमानतळावरून बसने मध्यवर्ती स्टेशन, तिथून मेट्रोसारख्या गाडीने दुसरं स्टेशन मस्जिद जामेक. बाहेर आलं की क्लांग आणि गोंबाक या दोन नद्यांच्या संगमावर १९०९ सालची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद दिसते. क्वालालंपूर या नावाचा अर्थच चिखलाचा संगम. तिथून पाच-सात मिनिटांवर ‘जालान मस्जिद इंडिया’ नावाचा रस्ता. जालान म्हणजे रस्ता. या रस्त्याच्या एका बोळात आमचं हॉटेल होतं, खाली कापडाचं दुकान, वर चार मजले.

पाटीवर ‘बाजेट’ असं लिहिलेलं. बजेटचं मलय रूप. खोलीचे रोजचे ११० रिंगिट, म्हणजे तेव्हाच्या भावाने बावीसशे रुपयांच्या आसपास. त्यावर परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री दहा रिंगिट पर्यटन कर, आणि पन्नास रिंगिट डिपॉझिट, जे जाताना परत. काउंटरवर साठीचे एक गृहस्थ, काळेसावळे, चष्मा नाकावर घसरलेला. मागच्या भिंतीवर सूचनांचा कागद, त्यात ड्युरियन या फळावर फुली मारलेलं चित्र. त्याचा वास आठवडाभर खोलीतून जात नाही म्हणे.

त्यांनी तीन पासपोर्ट घेतले. मी चेहरा बघायला लागले. नजर नावावर गेली, तिथून नंबरवर, तिथून तारखेवर. कुठेच थांबली नाही. "थ्री पर्सन, नो विंडो, ओके?" एवढंच विचारलं. खिडकी नाही याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र हसत जिना चढले.

पहिले दोन दिवस मी खरंच हवेत होते, कबूल करते. खिडकी नसलेल्या खोलीत दिवस की रात्र हे कळत नाही. पण पावणेसहाच्या सुमाराला दाराखालच्या फटीतून फजरची अजान आत यायची. खणखणीत, भोंग्यावरून. आमच्याकडे २०२२ पासून भोंग्यांचं जे काही चाललं आहे, त्यानंतर इतकी मोकळी अजान ऐकून मी आधी दचकले. आता कुणीतरी तक्रार करेल, असं मनात आलं. कुणी केली नाही. बाहेर तेव्हा मिट्ट काळोख असायचा, कारण तिथे सूर्य सातला उगवतो. नवरा दाराला कडी न लावता नमाजला उभा राहिला. ते त्याच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

रस्त्यावर माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे कुणी बघत नव्हतं. बघायचंच तर त्या बायकांच्या स्कार्फकडे बघावं. दुकानंच्या दुकानं फक्त स्कार्फची, त्याला ‘तुडुंग’ म्हणतात, साध्या सुतीपासून लग्नाच्या जरीपर्यंत. त्यांच्या शेजारी कांजीवरम साड्या, मोगऱ्याचे गजरे, मुरुक्कू. सकाळी खाली मामाक हॉटेलात रोटी चनाई आणि ओढून फेसाळलेला चहा. तमिळ मुसलमानांची ही हॉटेलं. ‘मामाक’ हा शब्द तमिळ मामावरून आला. लेक म्हणाली, म्हणजे हे मामाचं हॉटेल. ऑगस्ट २०२४ मध्ये याच रस्त्यावर फूटपाथ खचून भारतातून आलेली एक बाई आठ मीटर खाली गेली आणि नऊ दिवस शोधूनही सापडली नाही. हे कळल्यापासून लेक गटाराच्या जाळीवर पाय ठेवायला तयार नव्हती, उड्या मारत चालायची.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. भाषेचा माणूस परक्या गावात पाट्या वाचत फिरतो. मलय रोमन लिपीत लिहितात, मशिदींवर मात्र जावी, म्हणजे अरबी वळणाची जुनी मलय लिपी. उर्दूमुळे मला ती अडखळत वाचता यायची, अर्थ कळायचा नाही. आणि जे रोमनमध्ये असायचं त्याचा अर्थ अचानक मराठीतून कळायचा! भाषेला ‘बहासा’. शिक्षकाला ‘गुरु’. किल्लीला ‘कुंची’. फॉर्मवर नवऱ्यासाठी ‘सुआमी’ आणि बायकोसाठी ‘इस्तरी’, म्हणजे आपले स्वामी आणि स्त्री. पण खरी गंमत पुढे आहे. हे पक्के मुसलमान लोक रोजाला ‘पुआसा’ म्हणतात, म्हणजे उपवास. गुनाहला ‘दोसा’, म्हणजे दोष. सवाबला ‘पाहाला’, म्हणजे फळ. जन्नत म्हणजे ‘शुर्गा’, जहन्नम म्हणजे ‘नराका’. रमजानमध्ये स्वर्गप्राप्तीसाठी उपवास करणारे मुसलमान! आमच्याकडे मी वर्गात ‘उपवास’ शब्द शिकवला तर एखादा पालक विचारायला येतो, आणि मी बाहेर ‘रोजा’ म्हटलं तर कुणीतरी म्हणतं, तुमचं मराठी छान आहे हो. दोन्हीकडून चिमटे. इथे शब्द कुणाच्या बापाचे नव्हते. मी वहीत यादी करत सुटले.

त्या यादीत एक शब्द असाही होता, की तो लिहून मी थांबले. ‘बुमिपुत्रा’. भूमिपुत्र. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, साठच्या दशकापासून तो आपल्या भिंतींवर आहे. मलेशियात तो सरकारी शब्द आहे. मलय आणि इथले मूळ समाज म्हणजे भूमिपुत्र. १९७१ च्या नव्या आर्थिक धोरणापासून शिक्षणात, धंद्यात, घरखरेदीत त्यांना जादा सवलती. चिनी आणि भारतीय वंशाचे नागरिक त्यात नाहीत, मग त्यांच्या चार पिढ्या तिथे गेलेल्या असोत. मी शब्द लिहिला आणि पान उलटलं. सुट्टीवर होते.

त्याच संध्याकाळी, शनिवारच्या बाजारात, कोळशावरच्या साटेचा धूर अंगावर घेत लेकीने विचारलं, "अम्मी, इधर अपने लोगां जास्ती हैं क्या?"

"हाँ," मी म्हटलं. "सौ में से तिरसठ-चौंसठ." २०२० च्या जनगणनेत मुसलमान ६३.५ टक्के आहेत, हे मी वाचून गेले होते. तिने डोळे मोठे केले. सोलापुरात शाळा, घर, मोहल्ला सोडून बाहेर पडलं की आपण कमी असतो, हे तिला फार लवकर कळलेलं आहे. जास्त असणं तिने पहिल्यांदाच बघितलं. ती सरळ झाली. म्हणजे तिची पाठच सरळ झाली. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी खोली झाडायला आलेला मुलगा बांगलादेशचा निघाला. सिनेमे बघून शिकलेली हिंदी बोलायचा. तोही मुसलमान. मी मोठ्या उत्साहाने छताकडे बोट दाखवून म्हटलं, छान केलंय हे. तो हसला. मग म्हणाला, रात्री दहानंतर तो हॉटेलाबाहेर पडत नाही. कागद एजंटकडे अडकलेत, पोलिसांनी अडवलं तर काय दाखवणार? नवऱ्यालाही एका दुकानदाराने "बांगला?" असं विचारलं होतं, आणि विचारण्याचा सूर काही बरा नव्हता. उम्मत उम्मत म्हणतो आपण. त्या मुलाच्या खिशात पासपोर्ट नाही, तोवर छतावरचा बाण त्याला फक्त नमाजची दिशा दाखवू शकतो.

काउंटरवरच्या गृहस्थांशी ओळख झाली ती चौथ्या रात्री. लेकीचं पोट बिघडलं होतं, मी गरम पाणी मागायला खाली गेले. ते रात्रपाळीला एकटेच. आमच्या सोलापुरात तेलुगू-कानडी शेजारामुळे वडीलधाऱ्याला अण्णा म्हणायची सवय आहे, तेच तोंडातून गेलं. ते एकदम खुलले. तमिळ होते. वडील रबराच्या मळ्यावर मजूर, हे शहरात आले, बसवर वाहक होते, आता इथे. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही अर्धी, पण भागलं. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्यांनी मला ‘चिकगु’ म्हणायला सुरुवात केली. मलेशियात शिक्षकांना तसंच हाक मारतात, त्यातला गु म्हणजे आपला गुरु.

त्यांची नात तमिळ शाळेत आहे. मलेशियात पाचशेहून जास्त तमिळ शाळा आहेत, सरकार चालवू देतं. "पण मुलं कमी होतायत," ते म्हणाले. आईबापांना वाटतं, तमिळ शिकून नोकरी कुठे? मला हसू आलं. पटसंख्या! जून उजाडला की आम्ही उर्दू शाळेच्या शिक्षिका घरोघर पटासाठीच फिरतो, तीच वाक्यं ऐकतो. अर्धा तास आम्ही पटावर बोललो. शिक्षक दुनियेत कुठेही भेटले तरी पटावरच बोलतात, आणि ते तर शिक्षकही नव्हते.

मग त्यांनी विचारलं, इंडियात कुठे? महाराष्ट्र म्हटलं तर कळेना, मुंबईच्या बाजूला म्हटलं. "ओ," ते म्हणाले. "झाकीर नाईक."

माझे कान गरम झाले. २०१६ मध्ये भारत सोडून गेलेल्या या गृहस्थांना मलेशियाने कायम राहण्याची परवानगी दिलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका भाषणात त्यांनी मलेशियातल्या हिंदूंच्या देशनिष्ठेवर बोट ठेवलं, चिन्यांना जुने पाहुणे म्हटलं. मोठा गदारोळ झाला, पोलिसांनी चौकशी केली, त्यांनी माफी मागितली. मुंबईहून गेलेला पाहुणा, आणि चार पिढ्यांच्या माणसाला निष्ठा विचारतो! हा प्रश्न भारतात आम्हाला विचारला जातो तेव्हा कसा लागतो, हे त्या माणसाला माहीत नसेल असं कसं म्हणावं? मी अण्णांना म्हटलं, आम्ही सगळे तसे नाही. म्हटल्या म्हटल्या स्वतःचाच राग आला. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्या कारणांसाठी म्हणत आलेय.

अण्णांनी हात झटकला. "नेव्हर माइंड, चिकगु." आणि मग आपोआप देवळाचा विषय निघाला.

आमच्या हॉटेलापासून हाकेच्या अंतरावर भद्रकाली अम्मनचं देऊळ आहे. सव्वाशे वर्षांहून जुनं. देऊळ ज्या जमिनीवर उभं आहे ती महापालिकेची होती, २०१४ मध्ये ती एका कापड कंपनीला विकली गेली. कंपनीला तिथे मशीद बांधायची आहे. मार्च २०२५ मध्ये हे प्रकरण देशभर गाजलं. शेवटी देवळाला सुमारे पन्नास मीटरवर दुसरी जागा द्यायची असं ठरलं आणि त्याच आठवड्यात पंतप्रधान अन्वर इब्राहिम यांच्या हस्ते नव्या मशिदीचा पायाभरणी समारंभ झाला. आम्ही गेलो तेव्हा देऊळ अजून जुन्याच जागी होतं. दोन दिवस मी त्याच्यावरून ये-जा करत होते. दिसलं होतं, बघितलं नव्हतं.

अण्णांचं लग्न त्या देवळात झालेलं. मुलाचे पहिले केस तिथेच काढले. "फिफ्टी मीटर," ते म्हणाले. "एव्हरीबडी से, फिफ्टी मीटर ओन्ली."

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहिते. आलं असं, की जमीन तर कायदेशीर विकलेली आहे. दुसरी जागा दिली आहे. खर्चही मिळणार आहे. चर्चा करून ठरलं, दगड नाही की काठी नाही. मग अडचण काय? अख्खा युक्तिवाद तीन सेकंदांत तयार, शुद्धलेखनासकट. ही वाक्यं मला पाठ आहेत. फरक इतकाच, की आजवर मी ती दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होते आणि ऐकताना दात खात होते. तीन दिवस ‘जास्त’ मध्ये राहिले, एवढ्यात ती माझ्या तोंडात आली. बोलले नाही. पण आली.

आणि तरी ते युक्तिवाद खोटेही नव्हते. अण्णांनीच सांगितलं, "टॉक नाइसली. नो फाइट. इन युवर कंट्री बुलडोझर कम, no?" असंच कौतुकाने, यूट्यूबवर बघितलेलं. कुणाच्या घरावर बुलडोझर येतो हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "बट इन इंडिया नाउ अवर पीपल व्हेरी स्ट्राँग." आपले लोक. मग त्यांची नजर माझ्या ओढणीवर आली आणि वाक्य तिथेच राहिलं.

गरम पाण्याची किटली आवाज करत होती. ते खजील झाले, मीही. त्यांना तिकडचे ‘आपले’ मजबूत झाल्याचा आधार वाटत होता, मला इकडचे ‘आपले’ जास्त असल्याचा. एकमेकांच्या जखमेवर आम्ही दोघं आपापली सुट्टी घालवत होतो की काय, असं वाटून गेलं. पण ते मोठं वाक्य झालं. तेव्हा फक्त किटलीकडे बघत होते.

त्यांनी विषय बदलायला म्हणून लेकीच्या पोटासाठी काहीतरी शोधत खालचा खण उघडला. खणात सुट्टे पैसे, पावत्यांची पुस्तकं, बाम, आणि मागच्या बाजूला देवीचा छोटा फोटो, समोर कागदाच्या पुडीत विभूती. मी विचारलं, वर काउंटरवर का नाही ठेवत? मालक नको म्हणतो?

"नो, नो. बॉस गुड मॅन. नोबडी से एनिथिंग." त्यांनी फोटो अंगठ्याने पुसला आणि खण ढकलून बंद केला. "बट व्हाय, ला?"

कुणी काही म्हणत नाही. पण कशाला.

मी वर आले. नवरा जागा होता, लेकीचे पाय चेपत होता. मी त्याला सगळं सांगितलं, शेवटचं वाक्यही. तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्यांच्या खोलीला बाण असेल का?" मला प्रश्न आधी कळला नाही. त्याला म्हणायचं होतं, अण्णांसारखा कुणी गिऱ्हाईक म्हणून या खोलीत झोपला, तर हा बाण त्यालाही रात्रभर दिसणार. आम्ही त्यावर काही ठरवलं नाही. दिवा बंद केला. खिडकी नसलेल्या खोलीत अंधार फार पक्का असतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी नवरा मस्जिद इंडियात जोहर पढून आला. १८६३ मध्ये तमिळ मुसलमानांनी लाकडाची मशीद बांधली, तिचीच ही आजची इमारत. त्याला तिथे कुणी तमिळमध्ये काही विचारलं, त्याला काही समजलं नाही, दोघं हसले. तेवढ्या वेळात मी लेकीला घेऊन देवळापाशी गेले. रस्त्याच्या कडेला उभं राहूनच बघितलं. बाहेर चपला, कापराचा वास, एक म्हातारी गजरे मोजून देत होती. "रूपाभवानीसारखं आहे," लेक म्हणाली. सोलापूरचं पोर, तिला देऊळ म्हटलं की रूपाभवानीच आठवते. मग तिने विचारलं, हे लोक इथे कमी आहेत का? सहा टक्के, मी म्हटलं. "आपल्याहून कमी?" महाराष्ट्रात आपण साडेअकरा, मी म्हटलं, हो, आपल्याहून कमी. ती बराच वेळ काही बोलली नाही. जाताना गटाराच्या जाळीवरून नेहमीसारखी उडी मात्र मारली.

निघायच्या सकाळी अण्णाच काउंटरवर होते. रात्रपाळी संपत आली होती. त्यांनी कार्ड घेतलं, बांगलादेशी मुलाला वर पाठवून खोली बघून घेतली आणि पन्नास रिंगिटची हिरवी नोट खणातून काढून मला दिली. मी सोलापूरहून आणलेलं शेंगाच्या चटणीचं एक पाकीट उरलं होतं, ते त्यांना दिलं. तिखट आहे, सांगितलं. त्यांनी वास घेतला, मान डोलावली आणि ते पाकीट त्याच खणात ठेवलं.

"नेक्स्ट टाइम यू कम, चिकगु," ते म्हणाले, "न्यू मॉस्क रेडी. व्हेरी निअर. यू कॅन वॉक."

त्यात टोमणा होता का, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. माझी सवय. नव्हता. खरोखरच सोय सांगत होते. नवऱ्याने बॅगा उचलल्या, लेकीने त्यांना सलाम केला, मोठ्याने, आणि या वेळी हात कुणी खाली केला नाही. स्टेशनकडे जाताना आम्ही देवळाच्या रस्त्यानेच गेलो, बोळातून जवळ पडलं असतं तरी.